आयरिश टीव्हीच्या आठवणी नोंदवताना आधी अँटेनाची दिशा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडमधील दूरचित्रवाणीचा इतिहास तिथल्या प्रेक्षकांच्या आठवणींतून सांगणारा लेख आला. विषय वेगळा आहे आणि लेख जिव्हाळ्याने लिहिलेला आहे. मात्र सगळ्या आठवणी त्यात एकाच माळेत ओवल्या आहेत. ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री टीव्ही आला आणि त्या दिवसापासून सारा देश एकच चित्र पाहू लागला, असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात आयर्लंडमध्ये कोणाला काय दिसायचे, हे घर कोणत्या काउंटीत आहे, टेकडीच्या अलीकडे की पलीकडे, आणि धुराड्यावरच्या अँटेनाचे तोंड कुठे, यावर ठरायचे. म्हणून आठवण सांगणाऱ्याला पहिला प्रश्न कार्यक्रमाचा नव्हे, अँटेनाचा विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की निम्म्या आठवणींचे साल आपोआप लागते, आणि काही आठवणी तपासून घ्याव्या लागतात.

मुळात सुरुवातच आधीची आहे. बीबीसीने बेलफास्टजवळ ग्लेनकेर्न इथे मे १९५३ मध्ये तात्पुरते, कमी शक्तीचे प्रक्षेपण केंद्र सुरू केले. निमित्त २ जूनच्या, राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाचे होते. जुलै १९५५ मध्ये डिव्हिस डोंगरावरचे कायमचे, दमदार केंद्र आले आणि ३१ ऑक्टोबर १९५९ ला ब्लॅक माउंटनवरून अल्स्टर टेलिव्हिजन सुरू झाले. हे सगळे उत्तर आयर्लंडसाठी होते, पण रेडिओलहरींना सीमेवरचा नाका ठाऊक नसतो. सीमेलगतच्या काउंट्यांत डिव्हिस दिसायचे, आणि डब्लिनपासून वेक्सफर्डपर्यंतच्या किनाऱ्यावर आयरिश समुद्रापलीकडचे वेल्स खुणावत होते. आयरिश केंद्राचा पत्ता नव्हता तेव्हाच पूर्व किनाऱ्यावरच्या धुराड्यांवर खांब उभे राहिले होते. म्हणून डंडॉकच्या एखाद्या वृद्धाने १९५७ ची टीव्हीची आठवण सांगितली तर ती खुशाल लिहून घ्यावी. त्यानेच १९५३ चा राज्याभिषेक घरी बसून पाहिला असे सांगितले, तर मात्र ग्लेनकेर्नची शक्ती लक्षात घेऊन पुन्हा विचारावे. ते चित्र त्याने पुढे केव्हातरी पाहिलेल्या चित्रफितीतले असू शकते.

उद्घाटनाच्या रात्रीचेही तेच. टेलिफीस एरन (पुढे आरटीई) या आयरिश राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे डॉनीब्रुकमधले स्टुडिओ तयार नव्हते म्हणून तो सोहळा डब्लिनच्या ग्रेशम हॉटेलातून झाला. राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांनी टीव्हीची तुलना अणुशक्तीशी केली. अपार भले होईल आणि न भरून येणारे नुकसानही होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. शुभारंभाच्या भाषणात इतकी धास्ती क्वचितच ऐकायला मिळते. पण ते भाषण घरोघर पोहोचले म्हणणे जरा जास्तच होईल. त्या रात्री एकच मोठे केंद्र चालू होते : डब्लिनच्या दक्षिणेचे, ७५७ मीटर उंचीवरचे किप्युर. स्लायगोचे ट्रस्कमोर, क्लेअरचे मघेरा, कॉर्क-केरी सीमेवरचे मुलहॅनिश आणि माउंट लिन्स्टर ही केंद्रे त्यानंतर आली. केरीतल्या घरी उद्घाटन पाहिल्याची आठवण त्यामुळे संशयास्पद ठरते. शिवाय टीव्हीला आधी वीज लागते. ग्रामीण विद्युतीकरण १९४६ मध्ये सुरू झाले, तरी केरीच्या ब्लॅक व्हॅलीत तारा पोहोचायला सत्तरचे दशक उजाडले.

आता अँटेनाकडे वळतो. आठवणीत कार्यक्रमाचे नाव चुकते, वर्ष तर हमखास चुकते, पण छपरावर काय होते ते चुकत नाही. वाऱ्याने वाकलेला खांब सरळ करायला चढलेला माणूस ते विसरत नाही. अँटेनाच्या मुख्य काडीची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित कमी असते, म्हणून लांबीवरून केंद्र ओळखता येते. डिव्हिसचे बीबीसी चॅनेल १ वर होते, साधारण ४५ मेगाहर्ट्झ. त्याची काडी ३.३ मीटरच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षा पुष्कळ लांब. अल्स्टर टेलिव्हिजन चॅनेल ९ वर, १९५ मेगाहर्ट्झच्या जवळ. त्याच्या काड्या पाऊण मीटरच्या, शिडीसारख्या एकामागे एक. पुढे यूएचएफवरचे, म्हणजे खूपच आखूड लहरींवरचे, ब्रिटिश चॅनेल आले, त्यांच्या काड्या जेमतेम वीतभर. एकाच खांबावर हे तिन्ही प्रकार असले तर त्या घराची तीन पर्वे तिथे टांगलेली आहेत असे समजावे. काड्या उभ्या होत्या की आडव्या, हेही विचारावे. जवळपासच्या लहरींवर चालणारी दोन केंद्रे एकमेकांना त्रास देऊ नयेत म्हणून एकाला उभे आणि दुसऱ्याला आडवे ध्रुवण देत. अँटेना चुकीच्या पद्धतीने बसवली की संकेत इतका घटायचा की पडद्यावर नुसत्या मुंग्या.

समुद्रापलीकडचा संकेत पकडायचा म्हणजे उंची हवी, कारण वेल्सची केंद्रे क्षितिजाच्या कडेला किंवा त्याखाली होती. पण धुराडे हा काही खांबासाठी बांधलेला बुरूज नव्हे. तारेचा दोर धुराड्याभोवती गुंडाळून कोपऱ्यांवर पत्र्याच्या पट्ट्या लावत आणि मळसूत्राने आवळत. दोर फार आवळला तर विटांच्या सांध्यातला चुना सुटायचा, सैल राहिला तर पहिल्याच वादळात खांब फिरायचा. खांब जितका उंच तितका बुंध्यावरचा ताण मोठा. बूस्टर, म्हणजे संकेत वाढवणारी डबी, कुठे लावायचा यावरही बऱ्याच जणांचे पैसे वाया गेले. तो खांबाच्या टोकाला, अँटेनाच्या शेजारीच हवा. केबलमध्ये संकेत क्षीण होतो, आणि खाली संचाजवळ बूस्टर लावला की क्षीण झालेल्या संकेताबरोबर खरखरही तितकीच वाढते. वर लावलेल्या बूस्टरला वीज त्याच केबलमधून जायची, म्हणून डबीत पावसाचे पाणी शिरले की चित्र जायचे. समुद्राची खारी हवा जोडांवर हिरवा गंज चढवायची. केबलच्या टोकाला मेण किंवा टेप नसली तर पाणी आतल्या जाळीतून झिरपत थेट संचाच्या पाठीपर्यंत यायचे.

डब्लिनकरांची याहून मोठी अडचण वेगळीच होती. किप्युर घराच्या डोक्यावर. त्याचा दणदणीत संकेत सगळ्या लहरीपट्ट्यांचा बूस्टर भरून टाकायचा आणि वेल्सच्या नाजूक चित्रावर आयरिश चित्राची जाळी उमटायची. लोक अँटेना बदलत राहत, दोष मात्र बूस्टरचा असे. किप्युरची लहर अडवणारा फिल्टर किंवा फक्त हव्या त्या पट्टीचा बूस्टर लावला की काम भागे. ‘परदेशी चॅनेलवर आपलेच चॅनेल भुतासारखे दिसायचे’ ही आठवण खोटी नसते, आणि ती बहुधा डब्लिनची असते.

हवामानाच्या आठवणीही अशाच वेगळ्या करता येतात. मघेराचे प्रक्षेपण खालच्या लहरीपट्टीत, आयरिश चॅनेल बी वर होते, ५४ मेगाहर्ट्झच्या जवळ. या पट्टीला जून-जुलैत एक खोड असते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांच्या थरात दाट ठिगळे तयार होतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरची केंद्रे आरशातून दिसावीत तशी खाली परावर्तित होतात. लिमरिकच्या आजीबाई म्हणाल्या की उन्हाळ्यातल्या एका दुपारी बातम्यांच्या मागे कुठली तरी परकी माणसे हलत होती, तर ती कल्पना समजू नये. पूर्व किनाऱ्यावर वरच्या पट्ट्यांत हा प्रकार सहसा होत नाही. तिथे उच्च दाबाच्या, वारा पडलेल्या संध्याकाळी हवेचे थर लहरींना वाकवून लांबवर नेतात. लक्षण सारखेच, कारण दुसरे, आणि त्यावरून घर कोणत्या बाजूचे ते कळते.

लेखात सगळ्यात मोठी गल्लत रेषांची, म्हणजे पडद्यावरचे चित्र ज्या आडव्या रेषांनी बनते त्यांची, झाली आहे. ‘६२५ रेषांचे चित्र बीबीसी २ बरोबर आले’ हे ब्रिटनपुरते खरे आहे. ते १९६४ मध्ये. टेलिफीस एरनने १९६२ च्या उन्हाळ्यातच ६२५ रेषा सुरू केल्या होत्या आणि तीच त्यांची मुख्य पद्धत होती. ४०५ रेषांचे प्रक्षेपण फक्त पूर्व आणि उत्तर भागात, दोन मोठ्या केंद्रांवरून आणि त्यांचाच संकेत पुढे पोहोचवणाऱ्या पाच छोट्या सहक्षेपकांवरून सोबतीला चालू ठेवले, कारण तिथल्या घरांत ब्रिटिश कार्यक्रमांसाठी घेतलेले ४०५ चे संच आधीपासून होते. दोन्ही पद्धती चालवणाऱ्या संचात आडवी लांब सरकपट्टी असे आणि तिच्यावर संपर्काच्या टाचण्यांची रांग. एक बटण दाबले की रेषांची गती, चित्राची ध्रुवता आणि आवाजाची पद्धत एकदम बदलायची. टाचण्यांवर काजळी धरली की चित्र यायचे पण आवाज नाही, किंवा चित्र एका बाजूला आक्रसायचे. बटण दहा वेळा मागेपुढे केले की तेवढ्यापुरते सुधारायचे. पक्का इलाज म्हणजे मागचे झाकण काढून टाचण्या साफ करणे.

माणूस कोणत्या पद्धतीवर पाहत होता हे त्याला सांगता येत नाही, पण पुढचे दोन प्रश्न ते सांगतात. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की पडद्यावर पांढरे ठिपके उडायचे की काळे? ४०५ मध्ये संकेत जितका जोरदार तितके चित्र उजळ, म्हणून ठिणगीचा अडथळा पांढरा दिसायचा. आवाजही साध्या एएम पद्धतीचा, म्हणून त्याबरोबर कडकड ऐकू यायची. ६२५ मध्ये उलटे : ठिपके काळे आणि एफएम आवाज बराच शांत. दुसरा प्रश्न शिट्टीचा. ४०५ चा संच १०,१२५ हर्ट्झची बारीक शीळ घालायचा, ती घरातल्या बहुतेक मोठ्या माणसांनाही ऐकू यायची. ६२५ ची शीळ १५,६२५ हर्ट्झची, ती मुलांना टोचायची आणि आजोबांच्या कानावरही येत नसे. ‘आई म्हणायची, तो आवाज बंद कर’ असे कोणी सांगितले तर तो ४०५ चा संच असण्याची शक्यता जास्त.

बाहेरून आणलेल्या संचांमुळेही बरेच घोटाळे झाले. ब्रिटनमध्ये ६२५ रेषा फक्त यूएचएफवर होत्या, आयर्लंडमध्ये त्या व्हीएचएफवर, म्हणजे त्याहून लांब लहरींवर. बेलफास्टहून किंवा इंग्लंडहून आणलेल्या संचावर आयरिश ६२५ लागायचेच नाही, मध्ये एक कन्व्हर्टर लागे. युरोपातून आणलेल्या संचावर चित्र यायचे पण आवाज गप्प. तिथे चित्र आणि आवाज यांच्यातले अंतर ५.५ मेगाहर्ट्झ, आयर्लंडमध्ये ६. ‘काकाने संच आणला, पण तो मुका निघाला’ अशा आठवणीत काकाला कोणी फसवले नव्हते.

संच बंद केल्यावर मधोमध राहणारा पांढरा ठिपका जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत असतो. रेषा ओढणारे मंडल लगेच थांबते, पण पिक्चर ट्यूबवरचा उच्च दाब आणि तापलेला कॅथोड काही क्षण टिकतात. उरलेला किरण मग एकाच बिंदूवर पडत राहतो. नंतरच्या संचांत ठिपका उमटू नये अशी सोय आली, म्हणून ठिपक्याची आठवण सहसा व्हॉल्व्हच्या जुन्या काळातली. चित्र वर वर पळायचे ते उभ्या स्थैर्याच्या बटणाने थांबायचे आणि तिरप्या पट्ट्या आडव्याच्या. संचाला बाजूने थाप मारली की चित्र यायचे, कारण आत झाळलेला एखादा जोड सुटलेला असे. थाप मारून संच दुरुस्त झाला असे मानणारे पुढच्या आठवड्यात पुन्हा थाप मारत.

रंगांबाबत सावध राहावे. आरटीईचा पहिला मोठा रंगीत कार्यक्रम म्हणजे ३ एप्रिल १९७१ ला डब्लिनच्या गेइटी थिएटरमधून झालेली युरोव्हिजन स्पर्धा. ब्रिटिश बाजूला बीबीसी २ वर १९६७ मध्ये आणि बीबीसी १ व आयटीव्हीवर नोव्हेंबर १९६९ मध्ये रंग आला, त्यामुळे डब्लिनमध्ये परक्या चॅनेलवर रंग आधी दिसला असेल, आपल्या चॅनेलवर नाही. शिवाय रंगीत प्रक्षेपण सुरू झाले म्हणजे घरात रंगीत संच आला असे नव्हे. वॉन्डरली वॅगन हा मुलांचा कार्यक्रम १९६७ ते १९८२ चालला. त्याचे सुरुवातीचे भाग रंगीत आठवतात, ते मनाने रंगवलेले.

नावेही साल सांगतात. १९६६ पर्यंत केंद्राचे नाव टेलिफीस एरन, त्यानंतर आरटीई. दुसरे चॅनेल २ नोव्हेंबर १९७८ ला कॉर्कच्या ऑपेरा हाउसमधून सुरू झाले, १९८८ पासून त्याला नेटवर्क २ म्हणू लागले. लेट लेट शो हा गप्पांचा कार्यक्रम ६ जुलै १९६२ ला सुरू झाला. गे बर्न यांनी तो १९९९ पर्यंत चालवला. बराच काळ तो शनिवारी रात्री असे, ऐंशीच्या दशकात शुक्रवारी गेला. सांगणाऱ्याने वाराचा उल्लेख केला तर लिहून घ्यावा. फेब्रुवारी १९६६ मध्ये याच कार्यक्रमात एका बाईंना मधुचंद्राच्या रात्रीच्या झग्याचा रंग विचारला गेला आणि क्लॉनफर्टच्या बिशपांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. तो भाग ‘प्रत्यक्ष पाहिला’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचलेला असणार. द रिअर्डन्स ही मालिका १९६५ मध्ये सुरू झाली, मीथमधल्या डनबॉयन इथे खऱ्या शेतावर चित्रित व्हायची आणि १९७९ मध्ये संपली. ग्लेनरो १९८३ ते २००१, रविवारी संध्याकाळी. तिचे शीर्षकसंगीत वाजले की न केलेला गृहपाठ आठवायचा, असे त्या पिढीतले पुष्कळ जण सांगतात. सायंकाळी सहाचे अँजेलस, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेचे घंटानाद, मात्र साल लावायला निरुपयोगी. ते १९६२ पासून आजतागायत चालू आहे. घंटेचे ठोके मोजा : तीन, तीन, तीन, मग नऊ.

एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. कारण पडताळायला पुरेशा चित्रफिती नाहीत. दोन इंच रुंदीच्या टेपचे रीळ महाग असे, म्हणून जुने पुसून त्यावरच नवे चित्रमुद्रण होई. टोल्का रो आणि द रिअर्डन्स या मालिकांचे फारच थोडे भाग उरले आहेत. तिथे आठवण हाच दस्तऐवज. मग तो दस्तऐवज कुठल्या खोलीत, कुठल्या अँटेनावर तयार झाला हे नोंदवायला नको का?

लेखात एका ओळीत उरकलेला ‘एक चॅनेल की अनेक चॅनेल’ हा वाद खरे तर या इतिहासाचा कणा आहे. पूर्वेला चार-पाच चॅनेल, पश्चिमेला एकच. मंत्री कॉनर क्रूझ ओब्रायन यांना दुसऱ्या जाळ्यावरून बीबीसी १ सगळ्या देशाला दाखवायचे होते. १९७५ च्या पाहणीत लोकांनी आरटीईचेच दुसरे चॅनेल मागितले. डब्लिनच्या वसाहतींत केबल आली, पण कॉर्क, केरी, डोनेगॉलच्या खेड्यांत गावकऱ्यांनी वर्गणी काढून ‘डिफ्लेक्टर’ उभारले. टेकडीवर ब्रिटिश संकेत पकडायचा आणि दुसऱ्या चॅनेलवर बदलून खाली सोडायचा. चॅनेल बदलणे अपरिहार्य. तसे न केल्यास बाहेर पडलेला संकेत पुन्हा आपल्याच अँटेनात शिरून सगळे यंत्र शीळ घालू लागते. परवाना नसल्याने हे बेकायदा होते. सरकारने मान्य केलेली एमएमडीएस, म्हणजे सूक्ष्मलहरींवरून अनेक चॅनेल घरी पोहोचवणारी सेवा, २.५ गिगाहर्ट्झवर चालायची. तिला केंद्र डोळ्यासमोर दिसायला हवे, मध्ये टेकडी आली की कारभार आटोपला. राग इतका साचला की १९९७ मध्ये डोनेगॉल साउथ-वेस्टमधून टॉम गिल्डे डिफ्लेक्टरच्या मुद्द्यावर थेट संसदेत निवडून गेले. टीव्हीच्या अँटेनावर निवडून आलेला खासदार हा प्रकार लेखकाने कसा सोडला, याचे आश्चर्य वाटते.

एक तपशील सुचवून थांबतो. २४ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले, पण जुने खांब अजून पुष्कळ धुराड्यांवर आहेत आणि छप्पर दुरुस्त करणारे ते सहज उतरवून भंगारात टाकतात. उतरवण्याआधी खांबाचा बाजूने फोटो घ्यावा. होकायंत्राने अँटेनाची दिशा टिपावी. काड्या मोजाव्या आणि केबल जिथे जोडली आहे त्या मुख्य काडीची टोकापासून टोकापर्यंत लांबी टेपने मोजावी. ३.३ मीटर भरली आणि तोंड उत्तरेला असेल, तर ते घर बहुधा डिव्हिसचे बीबीसी पाहत होते. २.६ मीटर भरली आणि घर पश्चिमेला असेल, तर ते बहुधा मघेराचे.

आपला,
जुन्या प्रसारण तंत्राचा एक अभ्यासक